२०१२च्या मॅकबुक प्रोवर मॅकओएस सेक्वोया: ओपनकोअर लेगसी पॅचरची सविस्तर पद्धत

२०१२च्या मध्यात बाजारात आलेले १३ इंची मॅकबुक प्रो ॲपलने ऑक्टोबर २०१६पर्यंत विकले. म्हणजे ज्यांनी ते शेवटच्या वर्षी विकत घेतले, त्यांच्या दृष्टीने ते फार जुने यंत्र नाही. ॲल्युमिनियमचा दणकट सांगाडा, बदलता येणारी रॅम, बदलता येणारी डिस्क आणि इथरनेटचे स्वतंत्र पोर्ट असलेला हा लॅपटॉप आजही अनेकांकडे चालू स्थितीत आहे. अडचण आहे ती फक्त सॉफ्टवेअरची. ॲपलने या मॉडेलला अधिकृतपणे दिलेली शेवटची प्रणाली म्हणजे २०१९ची कॅटालिना. तिची सुरक्षा अद्यतने २०२२मध्ये थांबली आणि तिच्यावर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १२८वी होती. बँकेचे व्यवहार, कर भरणे किंवा मुलांचा अभ्यास यांसाठी असा जुना ब्राउझर वापरत राहणे योग्य नाही आणि उत्तम चालणारे यंत्र केवळ तेवढ्यासाठी भंगारात काढणेही योग्य नाही. या दोन्हींमधला मार्ग ओपनकोअर लेगसी पॅचर या विनामूल्य, मुक्तस्रोत साधनाने खुला केला आहे. पुढील सर्व विवेचन याच १३ इंची मॉडेलला आणि सेक्वोया, म्हणजे मॅकओएस १५, या आवृत्तीला धरून केले आहे. इतर मॉडेलांसाठी क्रम तोच राहतो, फक्त कोणते भाग दुरुस्त करावे लागतात ते बदलते.

हे साधन नेमके काय करते

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट समजून घेणे अत्यावश्यक आहे, कारण पुढे येणारी जवळजवळ प्रत्येक अडचण तिच्याच आधारे ओळखता येते. पॅचर दोन वेगवेगळ्या ठिकाणी, दोन वेगवेगळी कामे करतो.

पहिले काम यंत्र सुरू होताना घडते. डिस्कच्या सुरुवातीला ईएफआय नावाचा एक छोटा, एरवी न दिसणारा विभाग असतो. त्यात पॅचर ओपनकोअर हा बूटलोडर ठेवतो. लॅपटॉप सुरू झाला की आधी ओपनकोअर चालतो आणि तो मॅकओएसला असे भासवतो की ती एखाद्या आभासी यंत्रात चालत आहे. त्यामुळे ‘हे मॉडेल समर्थित नाही’ ही तपासणी ओलांडली जाते आणि पुढची अद्यतनेही दिसू लागतात. या कामात मॅकच्या मूळ फर्मवेअरला, म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच असलेल्या सॉफ्टवेअरला, हात लावला जात नाही. ईएफआय विभागातील फाइली काढल्या की यंत्र पूर्ववत होते.

दुसरे काम प्रणाली बसल्यानंतर, तिच्या आत होते. त्याला रूट पॅच म्हणतात. या मॉडेलमधील इंटेल एचडी ४००० या ग्राफिक्सचे ड्रायव्हर ॲपलने मॉन्टेरेपासून, म्हणजे २०२१पासून, काढून टाकले, तर त्याच्या ब्रॉडकॉम वायफाय चिपला लागणारा भाग २०२३च्या सोनोमात गेला. पॅचर हे जुने भाग नव्या प्रणालीत परत बसवतो. त्यासाठी त्याला प्रणालीच्या मोहोरबंद विभागात बदल करावे लागतात आणि सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन हे संरक्षण अंशतः शिथिल करावे लागते.

या व्यवस्थेची किंमतही आधीच नीट समजून घ्यावी. मोहोर तुटल्यामुळे पुढचे प्रत्येक अद्यतन लहान स्वरूपात न येता पूर्ण आकारात उतरवावे लागते आणि ते बसताना रूट पॅच पुसले जातात, म्हणून ते पुन्हा लावावे लागतात. शिवाय २०१२च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ हा सूचनासंच नाही आणि व्हेंचुरापासून इंटेल मॅकसाठीच्या प्रणालीच्या मुख्य फाइली तो गृहीत धरतात. पॅचरने यावर काढलेला मार्ग मला फार कल्पक वाटतो. ॲपल सिलिकॉन, म्हणजे ॲपलच्या स्वतःच्या चिपा, असलेल्या मॅकवर जुने इंटेल प्रोग्रॅम चालावेत म्हणून ॲपलने रोझेटा या रूपांतराच्या साधनासाठी एव्हीएक्स२विना तयार केलेल्या फाइली मॅकओएसमध्ये ठेवल्या आहेत. पॅचर त्याच फाइली या जुन्या यंत्रावर बसवायला लावतो. मात्र ज्या स्वतंत्र प्रोग्रॅमना स्वतःलाच एव्हीएक्स२ लागतो, ते या यंत्रावर चालणार नाहीत. आपले रोजचे काम अशा एखाद्या प्रोग्रॅमवर अवलंबून असेल, तर ही गोष्ट आधीच तपासून घ्यावी. ॲपल इंटेलिजन्स आणि मॅकच्या पडद्यावर आयफोन चालवण्याची सोय यांसारखी वैशिष्ट्येही इथे मिळणार नाहीत, कारण पहिल्याला ॲपल सिलिकॉन लागते आणि दुसऱ्याला किमान ॲपलची टी२ ही सुरक्षा चिप.

आवृत्ती कोणती निवडावी

मॉन्टेरे या यंत्रावर अधिक हलकी वाटते, हे खरे आहे, आणि अनेक जण म्हणूनच तिच्यावर थांबतात. माझे मत मात्र वेगळे आहे. ॲपल साधारणपणे चालू आवृत्ती आणि तिच्या मागच्या दोन आवृत्त्या यांनाच सुरक्षा अद्यतने देते. २०२५मध्ये टाहो आल्यावर त्या तीन म्हणजे टाहो, सेक्वोया आणि सोनोमा. एवढा खटाटोप मुळात सुरक्षित राहण्यासाठी करायचा असेल, तर अद्यतने बंद झालेल्या आवृत्तीवर जाण्यात अर्थ नाही. या हिशोबाने सेक्वोया सर्वांत उपयुक्त ठरते. टाहो ही इंटेल मॅकना मिळणारी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने जाहीर केले आहे, आणि तिचे अधिकृत समर्थनही केवळ चार इंटेल मॉडेलांपुरते आहे.

आधी यंत्राची तपासणी

वरच्या डाव्या कोपऱ्यातील ॲपल चिन्हावरून ‘अबाउट धिस मॅक’ आणि तिथून ‘सिस्टिम रिपोर्ट’ उघडावा. ‘मॉडेल आयडेंटिफायर’समोर मॅकबुकप्रो९,२ असे दिसल्यास यंत्र हेच १३ इंची मॉडेल आहे. १५ इंचीसाठी तिथे ९,१ दिसते. त्याच अहवालातील ‘पॉवर’ या भागात बॅटरीची स्थिती आणि तिची चार्जिंग चक्रे दिसतात. या बॅटरीची अपेक्षित मर्यादा १००० चक्रांची आहे. ट्रॅकपॅड वर उचलला गेला असेल, तो नीट दाबला जात नसेल किंवा खालचे झाकण फुगलेले दिसत असेल, तर बॅटरी फुगली आहे असे समजावे आणि ती बदलेपर्यंत पुढचे काही करू नये.

मूळ यंत्रात ५४०० फेऱ्यांची हार्ड डिस्क आणि ४ जीबी रॅम असेल, तर त्यावर सेक्वोया बसवणे निरर्थक आहे. एपीएफएस ही फाइलव्यवस्थाच एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे आणि फिरत्या डिस्कवर ती असह्य संथ होते. म्हणून आधी अडीच इंची साटा एसएसडी घ्यावी आणि रॅम वाढवावी. ॲपलच्या कागदपत्रांत ८ जीबीची मर्यादा दिलेली असली, तरी हे मॉडेल ८ जीबीच्या दोन डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्या, म्हणजे एकूण १६ जीबी, व्यवस्थित स्वीकारते. खालचे झाकण दहा छोट्या फिलिप्स स्क्रूंनी बसवलेले असते. त्यांतले तीन इतरांपेक्षा लांब असतात, म्हणून काढताना कोणता स्क्रू कुठला, हे कागदावर नोंदवून ठेवावे. आत हात घालण्यापूर्वी बॅटरीचा कनेक्टर अलगद वर उचलून सोडवावा. जुन्या डिस्कच्या कडांना चार टॉर्क्स टी६ स्क्रू असतात. ते काढून नव्या एसएसडीला लावायचे असतात.

याच वेळी डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी चपटी केबल अवश्य तपासावी. या मॉडेलची ती सुप्रसिद्ध दुबळी बाजू आहे. ती ॲल्युमिनियमच्या तळावर घासत राहते आणि कालांतराने तिच्यातील तारा खराब होतात. प्रणाली बसवताना मध्येच थांबणे, एसएसडी कधी दिसणे आणि कधी न दिसणे, फाइल उतरवताना अनाकलनीय चुका येणे, या लक्षणांचा दोष बहुधा पॅचरला दिला जातो, पण खरे कारण अनेकदा ही केबल असते. यंत्र उघडलेच आहे, तर ती नवी बसवून घेणे शहाणपणाचे.

शेवटी, कॅटालिनावर असतानाच तिची सर्व अद्यतने बसवून घ्यावीत, कारण मॅकची फर्मवेअर अद्यतने प्रणालीसोबतच येतात. त्यानंतर बाह्य डिस्कवर टाइम मशीनचा पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो नुसता घेऊन न थांबता त्यातील चार-दोन फाइली उघडून पाहाव्यात. अजूनही मोहावे किंवा त्याआधीची प्रणाली वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की कॅटालिनापासून ३२ बिटचे प्रोग्रॅम चालत नाहीत.

पेन ड्राइव्ह तयार करणे

किमान ३२ जीबीचा, विश्वासार्ह कंपनीचा पेन ड्राइव्ह घ्यावा. त्यावरील सर्व काही पुसले जाणार आहे. पॅचर त्याच्या निर्मात्यांच्या, म्हणजे डॉर्टानिया या गटाच्या, गिटहबवरील अधिकृत पानावरूनच उतरवावा. हे साधन पूर्णपणे विनामूल्य आहे, म्हणून त्यासाठी पैसे मागणाऱ्या कोणत्याही ठिकाणापासून दूर राहावे.

पॅचर उघडल्यावर चार मुख्य पर्याय दिसतात. त्यांपैकी ‘क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर’ निवडावा आणि त्यातून सेक्वोयाचा इन्स्टॉलर उतरवून घ्यावा. ही फाइल दहा जीबीहून बरीच मोठी असते. मोबाइलच्या दैनंदिन डेटा मर्यादेत ती बसणार नाही, तेव्हा अमर्याद जोडणी असलेल्या ठिकाणी हे काम करावे. पॅचर ही फाइल थेट ॲपलच्या सर्व्हरवरून घेतो. उतरवून झाल्यावर तो पेन ड्राइव्ह निवडायला सांगतो आणि त्यावर इन्स्टॉलर लिहितो. या वेळी इतर सर्व बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात, म्हणजे चुकून बॅकअपची डिस्कच पुसली जाण्याची शक्यता उरत नाही.

इन्स्टॉलर लिहून झाला म्हणजे पेन ड्राइव्ह तयार झाला असे अनेकांना वाटते आणि नेमके इथेच ते अडकतात. पेन ड्राइव्हवर अजून ओपनकोअर बसवायचा राहिलेला असतो. मुख्य पटलावरील ‘बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर’ निवडावे, बांधणी पूर्ण झाली की ‘इन्स्टॉल टू डिस्क’ म्हणावे आणि यादीतून पेन ड्राइव्हचा ईएफआय विभाग निवडावा. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मॅकवर तयार करत असाल, तर आधी सेटिंग्जमध्ये जाऊन लक्ष्य मॉडेल म्हणून मॅकबुकप्रो९,२ निवडावे, अन्यथा ओपनकोअर भलत्याच यंत्रासाठी बांधला जाईल. इतर सेटिंग्ज बदलू नयेत. पॅचर मॉडेल ओळखून योग्य त्याच गोष्टी निवडतो.

प्रत्यक्ष बसवणे

चार्जर जोडून ठेवावा. शक्य असल्यास राउटरपासून इथरनेटची केबलही लॅपटॉपला जोडावी, कारण सेक्वोयामध्ये रूट पॅच लागेपर्यंत वायफाय चालणार नाही. इथरनेट नसेल, तर यूएसबी केबलने जोडलेल्या आयफोनचे इंटरनेट मॅक सहज ओळखतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांचे यूएसबी टेदरिंग मात्र मॅकओएस परस्पर ओळखत नाही, तेव्हा त्यावर विसंबू नये.

लॅपटॉप बंद करून, पेन ड्राइव्ह लावून, ऑप्शन कळ दाबून ठेवतच तो सुरू करावा. दिसणाऱ्या यादीत ओपनकोअरच्या चिन्हाचा ‘ईएफआय बूट’ हा पर्याय निवडावा. त्यानंतर ओपनकोअरची स्वतःची यादी येते. तिथे ‘इन्स्टॉल मॅकओएस सेक्वोया’ निवडावे. पहिल्या यादीतून इन्स्टॉलर थेट निवडला, तर पडद्यावर तिरपी रेघ मारलेले वर्तुळ येते. त्याचा अर्थ एवढाच की यंत्र ओपनकोअरला वगळून सुरू झाले. ऑप्शन कळ धरून पुन्हा सुरू केले की काम पुढे सरकते.

इन्स्टॉलर उघडल्यावर ‘डिस्क युटिलिटी’मध्ये जावे, ‘व्ह्यू’मधून ‘शो ऑल डिव्हायसेस’ निवडावे आणि विभाग न निवडता सर्वांत वरची मूळ एसएसडी निवडून ती पुसावी. फॉरमॅट एपीएफएस आणि रचना ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ ठेवावी. आहे त्या कॅटालिनावरच सेक्वोया चढवणेही शक्य आहे, पण बॅकअप हाताशी असताना कोऱ्या डिस्कपासून सुरुवात केलेली बरी. जुन्या प्रणालीतील साचलेले विस्तार आणि अर्धवट काढलेले प्रोग्रॅम नव्या अडचणींत मिसळले, की दोष कुठला हे शोधणे फार कठीण होते.

डिस्क युटिलिटी बंद करून ‘इन्स्टॉल’ सुरू करावे. यंत्र या काळात स्वतःहून अनेकदा बंद-चालू होते. दर वेळी ते ओपनकोअरच्या यादीतूनच, ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ या नावाच्या पर्यायावरून सुरू होत आहे ना, हे पाहावे. प्रगतीची पट्टी एकाच जागी बराच वेळ थांबलेली दिसली, तरी घाई करून यंत्र बंद करू नये.

सेटअप साहाय्यक सुरू झाल्यावर पडदा संथ हलेल आणि हालचाली तुटक दिसतील. ग्राफिक्सचा ड्रायव्हर अजून बसलेला नसल्यामुळे हे स्वाभाविक आहे. म्हणून बॅकअपमधून माहिती आणण्याचा टप्पा इथे वगळावा, एक साधे खाते तयार करून आत जावे आणि माहिती नंतर, सर्व पॅच लागल्यावर, ‘मायग्रेशन असिस्टंट’ने आणावी.

बसवल्यानंतरची दोन कामे

पहिले काम म्हणजे ओपनकोअर आतल्या डिस्कवर नेणे. तोवर तो केवळ पेन ड्राइव्हवर असतो आणि पेन ड्राइव्ह काढला की लॅपटॉप सुरू होणार नाही. पॅचर उघडून पुन्हा ‘बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर’ निवडावे आणि या वेळी आतल्या एसएसडीचा ईएफआय विभाग निवडावा. मग पेन ड्राइव्ह काढून, ऑप्शन कळ धरून यंत्र सुरू करावे आणि ‘ईएफआय बूट’ निवडताना कंट्रोल कळ दाबून ठेवावी, म्हणजे तोच कायमचा पर्याय ठरतो. दुरुस्तीच्या दुकानात कुणी एनव्हीरॅम, म्हणजे अशा निवडी साठवणारी छोटी स्मृती, पुसली, तर ही निवड विसरली जाते आणि तेच वर्तुळ पुन्हा दिसू लागते. तेव्हा घाबरून न जाता हीच निवड पुन्हा करावी.

दुसरे काम रूट पॅचचे. ‘पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच’ उघडल्यावर या यंत्राला लागणाऱ्या पॅचची यादी दिसते, त्यात आयव्ही ब्रिज ग्राफिक्स आणि वायफाय हे दोन प्रमुख असतात. सेक्वोयामध्ये या ग्राफिक्ससाठी एक अतिरिक्त संच पॅचरला इंटरनेटवरून उतरवावा लागतो, आणि इथरनेटच्या केबलचा आग्रह मुख्यतः याचसाठी आहे. ‘स्टार्ट रूट पॅचिंग’ म्हणून पासवर्ड द्यावा, काम संपले की यंत्र पुन्हा सुरू करावे. पॅचरने बनवलेला इन्स्टॉलर कधी कधी हे पॅच पहिल्या प्रवेशाच्या आधीच आपोआप लावतो, तरीही पॅचर उघडून खात्री करून घ्यावी. डॉक आणि मेन्यूपट्टी पारदर्शक दिसू लागली, खिडक्या सहज हलू लागल्या, पडद्याचा उजेड कमी-जास्त करता येऊ लागला आणि वायफायची यादी उघडली, म्हणजे पॅच योग्य बसले.

पहिले काही तास यंत्र तापेल आणि पंखा जोरात फिरेल. स्पॉटलाइट साऱ्या फाइलींची अनुक्रमणिका तयार करत असतो. ते काम संपेपर्यंत वेगाविषयी कोणतेही मत बनवू नये.

अद्यतनांची शिस्त

‘सिस्टिम सेटिंग्ज’मधील ‘सॉफ्टवेअर अपडेट’मध्ये जाऊन स्वयंचलित अद्यतने बंद करावीत. अद्यतन कधी बसवायचे, हे इथे वापरकर्त्याने स्वतः ठरवायचे असते. नवे अद्यतन आल्याबरोबर ते न बसवता काही दिवस थांबावे आणि पॅचरच्या अधिकृत पानावर त्या आवृत्तीविषयी काही इशारा आहे का ते वाचावे. मग हा क्रम पाळावा: आधी पॅचर स्वतः नव्या आवृत्तीवर न्यावा, त्या पॅचरने आतल्या डिस्कवर ओपनकोअर पुन्हा बसवावा, यंत्र एकदा बंद करून सुरू करावे, त्यानंतर मॅकओएसचे अद्यतन घ्यावे आणि शेवटी रूट पॅच पुन्हा लावावेत. हा क्रम उलटला, की जुना ओपनकोअर आणि नवी प्रणाली अशी जोडी तयार होते आणि बहुतेक गंभीर बिघाड तिथूनच उद्भवतात. एसएसडीवर पुरेशी जागा नेहमी मोकळी ठेवावी, कारण अद्यतन पूर्ण आकारात उतरते. तयार केलेला पेन ड्राइव्ह पुसू नये, तो जपून ठेवावा.

काही बिघडल्यास

वर सांगितलेली दोन कामे इथे उपयोगी पडतात. यंत्र सुरूच होत नसेल, वर्तुळ दिसत असेल किंवा आतला ईएफआय विभाग बिघडला असेल, तर दोष पहिल्या थरात आहे. पेन ड्राइव्ह लावावा, त्यावरच्या ओपनकोअरमधून आतली प्रणाली सुरू करावी आणि ओपनकोअर आत पुन्हा बसवावा. यंत्र सुरू होते पण पडदा संथ आहे किंवा वायफाय नाही, असे असेल तर रूट पॅच गेलेले आहेत. ते पुन्हा लावले की काम होते. यंत्र ॲपलच्या चिन्हापर्यंत येऊन पुढे अडकत असेल आणि हे पॅच लावल्यानंतर लगेच घडले असेल, तर ओपनकोअरच्या यादीत शिफ्ट कळ धरून प्रणाली निवडावी, म्हणजे ती सेफ मोडमध्ये सुरू होईल, आणि तिथून पॅचरद्वारे रूट पॅच काढून टाकावेत. तेही जमले नाही, तर पेन ड्राइव्हवरून सेक्वोया डिस्क न पुसता पुन्हा बसवावी. आपल्या फाइली जागच्या जागी राहतात आणि प्रणालीचा विभाग कोरा होऊन पॅच आपोआप निघून जातात.

हे सर्व करून पाहिल्यावर यंत्र आपल्या कामाला पुरे पडत नाही असे वाटले, तर परतीचा मार्ग पूर्णपणे खुला आहे. इथरनेट किंवा वायफाय उपलब्ध ठेवून, ऑप्शन, कमांड आणि आर या तीन कळा एकत्र धरून लॅपटॉप सुरू करावा. ॲपलच्या सर्व्हरवरून इंटरनेट रिकव्हरी सुरू होते. तिथे डिस्क युटिलिटीत संपूर्ण एसएसडी पुसावी, म्हणजे ओपनकोअरही तिच्याबरोबर जातो, आणि मग पुन्हा बसवण्याचा पर्याय निवडावा. या मॉडेलला अधिकृतपणे मिळणारी सर्वांत नवी प्रणाली, म्हणजे कॅटालिना, त्यावर बसते आणि टाइम मशीनचा आधी घेतलेला बॅकअप तिच्यावर जसाच्या तसा परत आणता येतो.